पेटाऱ्याचं तोंड भिंतीकडे

हे कुणी खरं मानणार नाही, आणि नाही मानलं तर मी रागावणारही नाही. सांगताना मी स्वतःच दर वेळी जरा भिंतीला सरकून बसतो, न जाणो वरून कुणी ऐकत असलं तर. पण यरुशलेमच्या मंदिरात ज्या खोलीत वर्षातून एकाच दिवशी एकाच माणसाने पाऊल ठेवायचं, त्या परमपवित्रस्थानात मी, बुन्नीचा मुलगा अक्कूब, वंशाने लेवी, म्हणजे मंदिराच्या दारांचा राखणदार, आणि धंद्याने गवंडी, चुन्याचं घमेलं घेऊन उतरलो आहे. आणि दाढीसकट वर आलो आहे.

ही गोष्ट मी दर वर्षी जैतुनं गाळायच्या दिवसांत मल्लूखच्या घाण्यावर सांगतो. जागा विचार करून निवडलेली आहे. आपली पाळी येईपर्यंत तिथून कुणाला हलता येत नाही, आणि ज्याचं तेल अजून दगडाखाली आहे तो माणूस उगाच भांडण काढत नाही. यंदाही गाढव आपलं गोल फिरत होतं, माणसं टोपल्यांवर टेकून बसली होती, आणि माझी बायको शेलोमीथ कोपऱ्यात सूप मांडीवर घेऊन जैतुनांतली पानं-काड्या वेचत होती. तिने ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की मी कुठे थांबून दाढी खाजवणार हेही तिला ठाऊक असतं. मल्लूखने सुरुवातीलाच टोमणा मारला, की अक्कूबकाका, गेल्या खेपेला गारांच्या माऱ्याने झाडावरच जैतुनांचं लोणचं झालं होतं, यंदा काय होणार आहे? मी म्हटलं, ते खोटं होतं. मीठ मी घातलं होतं. आता गप्प बस.

तर ऐका.

त्या वर्षी प्रायश्चित्ताच्या दिवशी प्रमुख याजक आत गेले. बाहेर अंगणात अख्खं यरुशलेम उपाशीपोटी, श्वास धरून उभं. तो वेळ कसा असतो हे ज्याने अनुभवलं त्यालाच कळेल. माणसं त्या खोलीच्या पडद्याकडे बघत नाहीत, आपापल्या पायांच्या बोटांकडे बघतात. आत एक माणूस आहे, त्याच्या हातात निखारे आणि धूप आहे, आणि धुराचा ढग आधी पसरवायचा, मग त्या ढगाआडच उभं राहायचं, नाहीतर संपलं. तो बाहेर आला की सगळे एकदम श्वास सोडतात. तेवढ्या वाऱ्याने एकदा दरवाजावरच्या माझ्या चुलत्याची पगडी उडाली होती.

त्या वर्षी ते बाहेर आले ते पांढरेफटक. लोकांना वाटलं, काही दर्शन झालं. त्यांनी जवळच्या दोघा-तिघांना बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, की आतल्या भिंतीचा पोपडा सुटून माझ्या खांद्यावर पडला.

यावर आठवडाभर खल झाला. एकजण म्हणाला, हा संकेत आहे. दुसरा म्हणाला, हा कोप आहे. तिसरा जरा छपराकडे बघणारा माणूस होता, तो म्हणाला, ही ओल आहे. शेवटी ओल ठरली. पण ओल ठरली म्हणून धडकी कमी झाली नाही. आज पोपडा पडला, पुढल्या वर्षी अख्खा थर डोक्यात पडला तर? प्रमुख याजक आत पडले, तर त्यांना आणायला आत कोण जाणार? हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही. सगळ्यांच्या चेहऱ्यावर मात्र तोच होता.

आता भिंत दुरुस्त करायची तर दारातून कुणी जायचं नाही. त्यासाठी पूर्वापार एक रीत आहे. त्या खोलीच्या वर माडी आहे, आणि माडीच्या जमिनीला भिंतीलगत चौकोनी भोकं ठेवलेली आहेत. कारागिराला लाकडी पेटाऱ्यात बसवायचं आणि त्या भोकातून दोराने खाली सोडायचं. पेटारा तीन बाजूंनी बंद, वर-खाली बंद, आणि चौथ्या बाजूला उघडा. ते उघडं तोंड भिंतीकडे. म्हणजे माणसाला समोरची हातभर भिंत दिसते आणि दुसरं काही नाही. आपलं काम करावं, वर यावं. डोळ्यांना तिथली मेजवानी नको.

पहिला मान याजकांचा. याजकांत गिलावा करणारे बरेच होते, पण व्यंग असलेला याजक चालत नाही. बोलावणं गेलं त्या सकाळी अख्ख्या याजकवर्गात व्यंगांची साथ आली. एकाला पाठीवर मस सापडला. एकजण लंगडायला लागला, आणि तोही घाईत, आधी डाव्या पायाने आणि नंतर उजव्या. एक बिचारा काहीच सापडेना म्हणून म्हणाला, मला लहानपणापासून भीती वाटते. त्याला सांगितलं की हे व्यंगात बसत नाही, तर तो तिथल्या तिथे आडवा पडला. याजक संपले की लेवी. लेव्यांत चुन्याचा हात असलेला मी.

शेलोमीथला तेव्हा आमच्या थोरलीच्या वेळचे दिवस भरत आले होते. मी निरोप सांगितला तेव्हा ती पीठ मळत होती. ती रडली-ओरडली नाही. तिने हात धुतले, माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "अहो, नाही म्हणता येतं का?" मी म्हटलं, नाही. मग तिने माझी तागाची वस्त्रं काढली आणि धुतलेलीच पुन्हा धुतली. त्या रात्री आम्ही दोघंही झोपल्याचं सोंग करून पडलो होतो, आणि दोघांनाही ते कळत होतं.

सकाळी मला पाण्यात बुडवून काढलं, नखं कोरली, दाढी विंचरली, खिसे नसलेल्या वस्त्राचे खिसे तपासले. लोखंडाची थापी काढून घेतली, कारण तिथे लोखंड न्यायचं नाही. हातात लाकडी थापी आणि कापडाचा बोळा दिला. माडीवर तलमोन उभा होता. तलमोन म्हणजे आमच्या पाळीचा मुकादम. त्याचं पोट खोलीत आधी यायचं आणि आवाज त्याच्याही आधी. पण त्या दिवशी तो कुजबुजत होता.

तो म्हणाला, "अक्कूब, तुझं तोंड भिंतीकडे असेल. भिंत सोडून काही बघायचं नाही. बघणारा जिवंत वर येत नाही. आणि आलाच, तर त्याला आपण पुन्हा मंदिराच्या दारात उभा करणार नाही. त्याला नाही, त्याच्या पोराबाळांना नाही."

मी मान हलवली. अजून जन्मही न झालेलं माझं पोर त्याने त्या वाक्यात घातलं होतं.

दोर धरायला जे चौघे होते त्यांत माझा मेहुणा हट्टूश, शेलोमीथचा धाकटा भाऊ. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दाजी, काही कमी-जास्त झालं तर तुमची लोखंडी थापी मी घेऊ का?" मी त्याला म्हटलं, घे, आणि तुझ्या बहिणीलाही सांभाळ, ती थापीपेक्षा जड पडेल. दोघंही हसलो. त्याचे ओठ निळे पडले होते.

आता इथे जी चूक झाली ती जगात दुसरीकडे कुठे झाली नसती. पेटारा नवा होता, कारण जुन्या पेटाऱ्यात कुणी काय ठेवलं असेल सांगता येत नाही. दोरही नवा होता, कोरा, घट्ट पिळाचा, कारण ज्या दोराने कधी बादली किंवा बकरी ओढली असेल तो दोर तिथे कसा सोडणार? कोऱ्या दोराला वजन दिलं की तो पीळ सोडतो आणि टोकाला असेल ते गरागरा फिरवतो, हे विहिरीवरच्या कुठल्याही बाईला विचारा. आम्हालाही माहीत होतं. तिथल्या सगळ्यांनी विहिरीचं पाणी काढलेलं होतं. पण त्या सकाळी आमच्या डोक्यांत पावित्र्य इतकं ठासून भरलं होतं की विहीर मावायला जागाच नव्हती. आणि त्यातून भोकाचं झाकण काढल्यावर खाली नजर जाऊ नये म्हणून दोर सोडणारे चौघेही माना वळवून, डोळे मिटून उभे. तलमोनने तर तोंडावर पदर घेतला होता. मला खाली सोडत होते, आणि मी कुठल्या दिशेला चाललोय हे बघणारा एकही माणूस नव्हता.

पेटाऱ्यात मी उकिडवा. एका बाजूला चुन्याचं घमेलं, दुसऱ्या बाजूला मातीचा दिवा, कारण त्या खोलीत दिवा नसतो, खिडकी नसते. तोंडासमोर, म्हणजे भिंत आणि पेटारा यांच्यामधल्या फटीत, वरून एक बारीक दोरी सोडलेली होती. काम झालं की ती ओढायची. वर घुंगरू वाजेल आणि मला वर घेतील. ओरडायचं नाही. तिथे आवाज चढवायचा नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

उतरताना पहिल्यांदा सगळं ठीक होतं. समोर भिंत, दिव्याच्या उजेडात तिचे पोपडे, ओलीचे डाग. मला एवढं हायसं वाटलं की मी त्या भिंतीला जवळजवळ नमस्कार केला. ओल म्हणजे ओल, आपल्या ओळखीची बाई. मग मला दिसलं की तो ओलीचा डाग डावीकडे सरकतोय.

मला वाटलं, माझं डोकं फिरतंय. डोकं नव्हतं फिरत. भिंत हळूहळू, घाई न करता, माझ्यासमोरून निघून चालली होती, दारातून पाहुणा निघावा तशी. आधी डाग गेला, मग भिंतीची कड आली, मग उजेड कशावरच पडेनासा झाला. पेटारा फिरला होता. त्याची बंद पाठ भिंतीला लागली होती आणि उघडं तोंड आत. आत म्हणजे कुठे, ते मी सांगत नाही.

इथे घाण्यावर कुणीतरी जैतून चावलं, तेवढाच आवाज झाला. गाढवसुद्धा थांबलं होतं. मल्लूखने त्याला हाकललं नाही.

मी काय केलं? मी गवंडी माणूस, माझ्या हाताला जे आलं तेच केलं. घमेल्यात बोटं बुडवली आणि दोन्ही डोळे गच्च मिटून पापण्यांवर चुन्याचा जाड थर ओढला. असा गिलावा मी राजवाड्यातही केला नव्हता. मग चाचपडत दिव्याला फुंकर घातली. पहिल्या फुंकरीत मिशी जळाली, दुसरीत दिवा विझला. आणि मी तिथे लोंबकळत राहिलो, आंधळा, अंधारात, आणि माझ्या व त्याच्यामध्ये एक फळीसुद्धा नव्हती.

लोक मला विचारतात, काय वाटलं? आता एरवी मी तुम्हाला पंखांचा फडफडाट सांगितला असता, गडगडाट सांगितला असता; ते मला येतं आणि बरंही जमतं. पण तिथे तसलं काही नव्हतं. शांतता होती. आपल्या रानातली शांतता वेगळी, ती रिकामी असते. ही भरलेली होती. रांजण काठोकाठ भरला की त्याला बाहेरून हात लावला तरी कळतं ना, तशी. माझ्या छातीवर कुणीतरी हात ठेवावा आणि दाबू नये, नुसता ठेवावा, असं वाटत होतं, आणि त्या हाताला अंत नव्हता. तो हात उचलला तर मी मरेन असंही वाटत होतं, आणि जरासा दाबला तरी मरेन असंही. मला माझी पापं आठवायची होती, कबूल करून टाकायची होती, पण एकही वेगळं काढता येईना. मीच सगळा घाण वाटायला लागलो. धुतलेलं वस्त्र घाण, कोरलेली नखं घाण, माझा श्वास तिथल्या हवेत जातोय ही लाज वाटायला लागली. मी श्वास धरला. किती वेळ धरला सांगत नाही, तुम्ही हसाल. पण वर माझी वाट बघत तलमोनने एक डुलकी काढली, हे त्याने पुढे स्वतः कबूल केलं.

आणि तेवढ्यात ऐकू आलं, टप.

घमेलं कलंडलं होतं. चुना पेटाऱ्याच्या काठावरून खाली गळत होता. खाली काय आहे ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. देवाच्या आज्ञांच्या पाट्यांचा तो कराराचा कोश कधीच गेला. त्याच्या जागी जमिनीतून जरा वर आलेला तो दगड आहे, ज्याच्यावर जग टेकलंय म्हणतात. त्या दगडावर बुन्नीच्या अक्कूबचा चुना. मी आडवा झालो आणि काठाला दाढी लावली. पुढचा सगळा चुना माझ्या दाढीने प्यायला. तोंडात गेला तो मी गिळला. आजही मला गोड लागत नाही ते त्यामुळेच.

आता वर जायचं. इशाऱ्याची दोरी समोर असायला हवी होती, पण समोर आता ती खोली होती. दोरी राहिली होती माझ्या पाठीमागे, फळीच्या पलीकडे, भिंतीच्या फटीत. मी फळीवर ठोकलं. वर तलमोन म्हणाला, बघा, कामाला लागला. हे मला हट्टूशने नंतर सांगितलं. मी आणखी जोरात ठोकलं. तलमोन म्हणाला, जीव ओतून करतोय पोरगा.

म्हणजे एकच वाट उरली. पेटाऱ्याच्या तोंडातून खांद्यापर्यंत हात बाहेर काढायचा, कडेवरून वळवून मागे न्यायचा आणि फटीतली दोरी शोधायची. हात बाहेर काढायचा म्हणजे त्या खोलीत काढायचा. कोश गाडीवरून नेताना बैल अडखळले, एकाने तो पडू नये म्हणून हात पुढे केला, चांगल्या मनाने केला, आणि तो तिथल्या तिथे गेला, हे आपल्यात पाळण्यातल्या पोराला सांगतात. मी तिथे त्याच माणसाचा विचार करत होतो. त्याच्या मनगटाचा. त्याच्या मनगटाला शेवटच्या क्षणी काय वाटलं असेल याचा.

हात काढला तर मरण. नाही काढला तर वरचे लोक माझ्या कामाचं कौतुक करत बसणार आणि मी तिथे बसल्याबसल्या भीतीने मरणार. घरी शेलोमीथ दाराच्या उंबऱ्यावर बसली असेल, पोटावर हात ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत. मला दिसत होतं, कुणाच्या चेहऱ्यावरून तिला कळेल. हट्टूशच्या. तो थापी हातात घेऊन येईल आणि काही न बोलता उभा राहील.

मी हात बाहेर काढला.

कोपरापर्यंत काढला, काही झालं नाही. खांदा काढला. मग अर्धी छाती काढावी लागली, कारण दोरी हाताला लागत नव्हती. माझं बोटन् बोट जळतंय असं वाटत होतं, आणि गंमत म्हणजे थंडी वाजत होती. दोरी बोटांना शिवली. मी ती एवढ्या जोराने ओढली की वरचं घुंगरू तुटून तलमोनच्या पोटावर पडलं आणि तो पुन्हा लागलेल्या डुलकीतून जागा झाला.

वर घेतलं तेव्हा पेटाऱ्याचं तोंड नको त्या बाजूला होतं. ते बघून चौघांचेही हात सुटायची वेळ आली. तलमोन गुडघ्यांवर बसला. मला वाटलं, प्रार्थना करतोय. तो माझ्या चेहऱ्यात वाकून बघत होता. त्याने माझ्या पापण्यांवर बोट फिरवलं. चुना वाळून त्याची पापुद्र्याची खपली झाली होती, डोळ्यांना टाके घातल्यासारखी. त्याने एवढंच विचारलं, की बघितलंस का? मी पापण्यांकडे बोट दाखवलं. मग तो मुकादम, ज्याने आयुष्यात कुणाला पाण्याचा तांब्याही दिला नसेल, त्याने मला उचलून उभं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की लेवी असावा तर असा.

दुसऱ्या दिवशी त्याच दोराला रात्रभर धोंडा टांगून पीळ मोडला आणि मला पुन्हा उतरवलं, या खेपेला नीट, भिंतीकडे तोंड करून. मी तो गिलावा कसा केला मला आठवत नाही. पण त्यानंतर कुठल्याही प्रमुख याजकाच्या खांद्यावर काही पडलेलं नाही. मंदिराच्या दारावर मी पुढे म्हातारा होईपर्यंत उभा राहिलो, माझा थोरला जावई आज उभा आहे, आणि आमच्या घराकडे बघताना लोक अजून आवाज खाली आणतात. हे कुणामुळे? चुन्यामुळे.

इथे माझी गोष्ट संपते. दर वर्षी इथेच संपते. मग लोक उठतात, कुणी म्हणतो जळालेली मिशी खरी, कुणी म्हणतो दाढी खरी, आणि मल्लूख गाढवाला पुन्हा हाकलतो. पण यंदा मल्लूख हाकलेना. तो घाण्याच्या दांड्याला टेकून उभा होता. त्याचं पोर गेल्या महिन्यापासून तापाने पडलेलं आहे. तो सध्या कुठल्याही गोष्टीत काहीतरी शोधत असतो. त्याने चेष्टा न करता विचारलं, "काका, ते सगळं असू द्या. हात बाहेर काढायची हिंमत तुम्हाला कुठून आली, तेवढं सांगा."

त्याने इतक्या साधेपणाने विचारलं की मला खोटं सुचेना. मी बोलून गेलो.

मी म्हटलं, हिंमत माझी नव्हती, पोरा. ती मला पावलांनी दिली. त्या दगडासमोर जमिनीवर धुपाची राख सांडलेली होती, तिथे कधीच कुणी झाडत नाही, आणि तिच्यात पावलं उमटली होती. अनवाणी. प्रमुख याजकांची, दुसऱ्या कुणाची असणार? आता आपल्याला वाटतं, तो माणूस तिथे कसा ताठ चालत जात असेल, पोशाखात, मानाने. तसं नव्हतं. जातानाची पावलं अगदी लहान लहान होती, म्हातारा ओल्या दगडावरून चालतो तशी, एकाला एक लागून. आणि परततानाची पावलंही दगडाकडेच बोटं करून होती. पाठ न फिरवता, मागे मागे सरकत आलेली. टाचा घसरलेल्या होत्या. एका जागी तो बसलेला असावा, नाहीतर पडलेला, तिथे दोन्ही हातांचे पंजे उमटले होते. बोटं फाकलेली. मी त्या पंज्यांकडे बघत राहिलो. मला वाटलं, हा तर माझ्यासारखाच थरथरला आहे. सगळ्या इस्राएलातून निवडलेला, वर्षभर धुतलेला हा माणूस इथे रांगला आहे, आणि त्याला जाऊ दिलं. मग माझाही हात परत येऊ देतील.

मल्लूखने मान खाली घातली. त्याचे डोळे भरले होते. मला वाटलं, आजवर ही गोष्ट मी इतकी चांगली कधीच सांगितली नव्हती.

कोपऱ्यात शेलोमीथचे हात थांबले होते. सूप तिने जमिनीवर ठेवलं. मग ती माझ्याकडे बघून, भाजीत मीठ आहे का विचारावं तशा आवाजात म्हणाली, "अहो, दिवा विझला होता आणि डोळ्यांवर चुना होता. मग बोटं दगडाकडे होती, हे तुम्हाला दिसलं कसं?"